परदेशातील उच्च शिक्षण आणि शिष्यवृत्ती : बाभुळगाव परिसरातील पालक-विद्यार्थ्यांसाठी



परदेशी शिक्षण हे बड्या घरच्या मुलांचे काम, आपल्यासारख्यांनी तिकडे पाहू नये, अशी समजूत अजूनही आपल्या तालुक्यात घर करून आहे. तिला कारणही आहे. आपला बहुतेक समाज शेतमजुरी, दोन-चार एकर कोरडवाहू शेती किंवा लहानसहान नोकरी यांवर जगतो. बेंबळा प्रकल्पाचे पाणी काही शिवारांना मिळाले. पण कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरणाऱ्या घराला लंडन-अमेरिकेची फी ऐकूनच धडकी भरते. गुणवत्ता असलेला मुलगा वा मुलगी यवतमाळ किंवा अमरावतीला पदवी घेते आणि तेथेच थांबते. बुद्धी कमी पडली म्हणून ती थांबत नाही. वाट कोणती आणि त्या वाटेवर पैसा कोण देतो, हे सांगणारे कोणी भेटले नाही म्हणून थांबते.

ही वाट आपल्या समाजाला नवी नाही. आपला सारा इतिहासच एका शिष्यवृत्तीने बदललेला आहे. म्हणून या लेखात आम्ही आधी त्या इतिहासाचा हिशेब मांडणार आहोत आणि मग आजच्या योजना, कागदपत्रे, अडचणी आणि समाज म्हणून आपली जबाबदारी यांचा विचार करणार आहोत.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा जमाखर्च

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. कॉलेजचा खर्च वडील सुभेदार रामजींना झेपेना, तेव्हा गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बी. ए. झाल्यावर बाबासाहेब १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजीबाबांचे निधन झाले. घरचा आधार गेला. त्याच वर्षी बडोदा सरकारने उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत विद्यार्थी पाठविण्याचे ठरविले आणि बाबासाहेबांची निवड झाली. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची, ही त्यातील मुख्य अट.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच तुटपुंज्या रकमेतून घरी पैसे पाठवायचे, स्वतःचे जेवणखाण भागवायचे आणि उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. अशी सुमारे २००० पुस्तके त्यांनी जमविली. १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांची शिफारसपत्रे त्यांच्या खिशात होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. येताना मात्र त्यांनी एक गोष्ट पक्की केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची लेखी परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली.

पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. दुसऱ्या खेपेला बाबासाहेबांपाशी शिष्यवृत्ती नव्हती. महायुद्धात त्यांचे सामान असलेले जहाज बुडविले गेले. त्या सामानाच्या भरपाईपोटी मिळालेल्या ६०० रुपयांवर ते करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. तेथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना परत फिरावे लागले. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली. पगार होता ४५० रुपये. त्यातून काटकसरीने पैसा शिल्लक टाकला, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. अशी ती साधना फळाला आली. कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून झाल्यावर १९२७ मध्ये रीतसर मिळाली.

हा जमाखर्च एवढ्या तपशिलाने मांडण्याचा हेतू असा की, त्यात आजच्या विद्यार्थ्याला लागणारे सारे काही आहे. एकाच ठिकाणाहून सगळा पैसा आला नाही. शिष्यवृत्ती, स्वतःच्या नोकरीची शिल्लक, दात्याची मदत आणि मित्राचे कर्ज, अशा चार झऱ्यांचे पाणी एकत्र आले. शब्द टाकणारे केळुसकर होते, शिफारस करणारे सेलिग्मन होते, आणि कराराची जोखीम पत्करून सही करणारा विद्यार्थी होता. पैसा संपला तरी विद्यापीठाशी असलेला दुवा त्याने तुटू दिला नाही.

एकाचे भाग्य सर्वांचा हक्क कसे झाले

महाराजांची मर्जी हा काही समाजाचा हक्क नव्हे, हे बाबासाहेब जाणून होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्यांनी सरकारपुढे निवेदन ठेवून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. त्यातून १६ विद्यार्थी इंग्लंडला उच्च शिक्षणासाठी गेले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या गावातला कॉलेजकुमार ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तिचे मूळ हेच. पुढे १९५४-५५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना सुरू केली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि येथे एक मोठा पेच उभा राहिला. अनुसूचित जातींची केंद्रीय यादी धर्माशी जोडलेली होती. त्यामुळे कागदोपत्री बौद्ध अशी नोंद करणाऱ्यास केंद्राच्या सवलती नाकारल्या गेल्या. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले. १९९० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात केला, तेव्हा ते उघडले. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ आपल्या मुलांना धर्म आणि सवलत यांपैकी एकाची निवड करावी लागत होती. आज ती करावी लागत नाही. पण त्या पेचाची सावली कागदपत्रांवर अजून पडलेली आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आजच्या मुख्य योजना

पहिली, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय ती चालविते. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत एकूण १२५ जागा असून त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. उरलेल्या जागा भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या आहेत. ३० टक्के जागा मुलींसाठी राखून ठेवलेल्या असतात. पदव्युत्तर आणि पीएच. डी. या दोनच पातळ्यांसाठी ही मदत मिळते. बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमाला ती लागू नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश, अशा मुख्य अटी आहेत. शिकवणी शुल्क, विमानभाडे, व्हिसा, आरोग्य विमा आणि निर्वाह भत्ता असे त्याचे स्वरूप आहे. निर्वाह भत्ता ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, तर अमेरिका व इतर देशांसाठी १५,४०० डॉलर आहे.

दुसरी, महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. २००३ मध्ये सुरू झालेली ही योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिच्या ७५ जागा आहेत. पुण्याचे समाजकल्याण आयुक्तालय तिचे काम पाहते. या योजनेतील उत्पन्न, गुण, विद्यापीठांची क्रमवारी आणि शुल्काची मर्यादा यांच्या अटी गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या आहेत. म्हणून कोणाच्या तोंडी माहितीवर किंवा मागील वर्षीच्या कात्रणावर विसंबू नये. त्या त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचावा.

तिसरा गट जात न पाहता गुणवत्ता आणि अनुभव पाहणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा सारा खर्च देते. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे. युरोपात इरॅस्मस मुंडुस आहे. तिच्यात निवड झाल्यास शुल्क भरावे लागत नाही आणि महिना १,४०० युरो मिळतात. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीही आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्कच घेत नाहीत. तेथे राहण्या-जेवण्याच्या खर्चाची सोय मात्र आधी दाखवावी लागते.

हे आपल्या भागातील मुलांना जमते का, असे कोणी विचारील. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्याच्या शेतकरी कुटुंबातून आलेले राजू केंद्रे यांनी यवतमाळ जिल्ह्यात काम केले आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग मिळवून लंडन गाठले. त्यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना उच्च शिक्षणाच्या अर्जांसाठी मार्गदर्शन करते. सामाजिक कामाचा अनुभव ही या शिष्यवृत्त्यांत मोठी जमेची बाजू असते. विहारात अभ्यासवर्ग चालविणारा, बचतगटाचे हिशेब लिहिणारी, ग्रामसभेत प्रश्न मांडणारा आपला तरुण याच कामाला काही किंमत नाही असे समजतो. ते चूक आहे.

भत्ता आणि प्रत्यक्ष खर्च

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सर्व प्रश्न सुटला असे नाही. एक साधा हिशेब पाहू. ९,९०० पौंडांना १२ ने भागले तर महिना ८२५ पौंड येतात. ब्रिटनच्या व्हिसा नियमांनी २०२५ च्या आरंभी विद्यार्थ्याचा राहण्याचा मासिक खर्च लंडनसाठी १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरला. म्हणजे त्या हिशेबाने लंडनमध्ये महिन्याला ६५८ पौंड आणि लंडनबाहेर ३११ पौंड कमी पडतात. म्हणून विद्यापीठ निवडताना केवळ नाव पाहू नये, शहर पाहावे. लीड्स, शेफील्ड, ग्लासगो अशा शहरांत खोलीभाडे लंडनच्या मानाने बरेच कमी असते. चारजणांत घर घेणे, हाताने स्वयंपाक करणे हे ओघाने आलेच. नियमात बसेल तेवढे अर्धवेळ काम करता येते. पण व्हिसाची मर्यादा आणि शिष्यवृत्तीने कमाईवर घातलेली मर्यादा या दोन्ही आधी वाचून घ्याव्यात.

दुसरा प्रश्न निवडीच्या आधीच्या खर्चाचा आहे, आणि आमच्या मते आपली मुले खरी अडतात ती येथेच. शिष्यवृत्ती निवड झाल्यावर पैसे देते. त्याआधीचा खर्च घरालाच करावा लागतो. साध्या पासपोर्टचे १,५०० रुपये. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे अठरा हजारांच्या घरातील शुल्क, आणि तिचे गुण दोनच वर्षे चालतात. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती, काही विद्यापीठांची अर्ज-फी, कुरिअर, यवतमाळ-अमरावती-नागपूर-पुण्याच्या फेऱ्या. सारे मिळून तीस-चाळीस हजारांचा खड्डा पडतो. मजुरीवर चालणाऱ्या घराला एवढे पैसे अनिश्चित गोष्टीवर लावणे जड जाते, आणि लाखोंची मदत मिळू शकणारा विद्यार्थी या काही हजारांसाठी मागे राहतो.

तिसरा प्रश्न वेळेचा. ब्रिटनची अनेक विद्यापीठे जागा पक्की करण्यासाठी आगाऊ रक्कम मागतात. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र दाखविले तर बहुधा सूट मिळते, पण ते पत्र मुदतीच्या आत हाती असले पाहिजे. २०२५ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी पहिल्या टप्प्यात ४० जणांनाच पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधीच्या उपलब्धतेवर थांबविण्यात आले. अशा वेळी विद्यार्थ्याने गप्प बसू नये. विद्यापीठाला लगेच लेखी कळवून मुदतवाढ किंवा प्रवेश पुढील सत्रात घेण्याची परवानगी मागावी. बाबासाहेबांनी १९१७ मध्ये लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेतली, ती हीच गोष्ट होय.

कागदपत्रांची तयारी

अर्ज नाकारले जातात त्यांतील पुष्कळसे कागदांवरून. पुढील तयारी किमान दीड वर्ष आधी सुरू करावी.

१. जातीचे प्रमाणपत्र. आपल्या अनेक मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असे लिहिलेले असते. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी प्रमाणपत्राचा स्वतंत्र नमुना आहे आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख असतो. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल असे कागद तहसील आणि शाळांच्या जुन्या दप्तरांत सापडतात. ते आजच शोधून, नकला काढून ठेवावेत.

२. जात वैधता प्रमाणपत्र. यवतमाळच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे प्रकरण वेळेत दाखल करावे. वडील, काका किंवा सख्ख्या भावंडांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडावे. काम सोपे होते.

३. उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा चालू वर्षाचा दाखला घ्यावा. नोकरदार पालकांनी आयकराचे कागदही तयार ठेवावेत.

४. नावातील एकवाक्यता. गुणपत्रकावर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, अशी गत पुष्कळांची होते. पासपोर्ट काढण्यापूर्वी सर्व कागदांवरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी.

५. शिफारसपत्रे. ज्या प्राध्यापकाने खरोखर शिकविले, ज्याला विद्यार्थ्याचे काम माहीत आहे, त्याचेच पत्र उपयोगी पडते. आमदार-खासदारांचे पत्र येथे चालत नाही. पत्रासाठी सरांना निदान महिनाभर आधी सांगावे.

६. हेतुपत्र, म्हणजेच स्टेटमेंट ऑफ पर्पज. मी कोण, काय शिकलो, पुढे नेमके काय व का शिकायचे आणि परत येऊन त्याचा उपयोग काय, हे त्यात साध्या भाषेत लिहायचे असते. दुसऱ्याचे उतरवू नये, पैसे देऊन लिहून घेऊ नये. गरिबीचे रडगाणेही गाऊ नये. अडचणी सांगाव्यात, पण त्यांवर मात कशी केली हे जास्त सांगावे.

७. करारपत्र. शासकीय मदत घेताना करार करून द्यावा लागतो. जेथे जामीनदार मागितले जातात तेथे मजुराच्या मुलाला जामीन राहायला कोणी पुढे येत नाही. समाजातील शिक्षक, कर्मचारी आणि निवृत्त बांधवांनी अशा वेळी पाठ फिरवू नये.

वेळापत्रकाविषयी एक ढोबळ नियम ध्यानात ठेवावा. परदेशातील बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतात. त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून घेतले जातात. चेव्हनिंगचा अर्जही साधारण त्याच सुमारास असतो. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला पाय ठेवताच तयारीला लागावे. निकालाची वाट पाहत बसणाऱ्याचे वर्ष गेलेच म्हणून समजा.

कर्ज घ्यावे की नाही

कर्जाला आम्ही वाईट म्हणत नाही. बाबासाहेबांनीही ते घेतले. पण हिशेब करून घ्यावे. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून घेण्यास बँका सहसा राजी नसतात. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना असून राज्यात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे तिची चौकशी करता येते. मुंबईचा जे. एन. टाटा एन्डॉवमेंट हा १८९२ मध्ये स्थापन झालेला निधीही आहे. पण त्याची मदत ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे ती परत करावी लागते.

समजा, २० लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले. शिक्षणाचे एक वर्ष आणि सवलतीचे एक वर्ष मिळून सुमारे ४ लाख व्याज चढते. हे २४ लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३१ ते ३२ हजारांचा होतो. परदेशात नोकरी मिळेलच या भरवशावर हा बोजा उचलणे म्हणजे घर पणाला लावणे. म्हणून कर्ज हे शिष्यवृत्तीतून उरलेली फट बुजविण्यापुरतेच घ्यावे, सगळा खर्च कर्जावर करू नये. सावकाराकडे तर मुळीच जाऊ नये. आपल्या जिल्ह्याने कर्जापायी किती घरे बसलेली पाहिली आहेत, हे आम्ही सांगायला नको.

तसेच 'शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळवून देतो' असे म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. वर सांगितलेल्या सरकारी योजनांत निवडीसाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. अनेक एजंटांना विद्यापीठाकडून दलाली मिळते. त्यामुळे ते विद्यार्थ्याच्या सोयीचे विद्यापीठ सुचवितीलच असे नाही. ज्याची दलाली जास्त तेच सुचविण्याचा मोह त्यांना होतो. त्यातील एखादे विद्यापीठ पहिल्या ५०० मध्ये नसले तर प्रवेश मिळूनही राष्ट्रीय शिष्यवृत्ती हातची जाते.

एका नियमाविषयी

राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये एक बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळण्यात आले. भारताचा अभ्यास भारतातच करावा, असे त्याचे कारण दिले गेले. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनी कोलंबियात एम. ए. साठी प्राचीन भारतातील व्यापार हा विषय घेतला, भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध १९१६ मध्ये तेथेच वाचला, आणि लंडनची डी. एस्सी. रुपयाच्या प्रश्नावर मिळविली. जातीचा विचार जातीच्या दडपणापासून दूर, मोकळ्या ग्रंथालयात बसून करता आला, हाच त्यांच्या परदेशी शिक्षणाचा एक मोठा लाभ होता. जातिसंस्थेवर किंवा बौद्ध इतिहासावर संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांनी हा नियम ध्यानात घेऊन चेव्हनिंग, राष्ट्रकुल किंवा विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांकडे वळावे. आणि समाजाने हा नियम बदलावा म्हणून सनदशीर मार्गाने मागणी करीत राहावे.

आपण काय करू शकतो

जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या गावोगावी वर्गणी जमते. मंडप, ध्वनिक्षेपक, मिरवणूक यांवर तिचा बराच भाग खर्च होतो. उत्सव नको असे आमचे म्हणणे नाही. पण त्या वर्गणीचा दहावा भाग जरी बाजूला काढला तरी तालुक्यातील दोन-तीन विद्यार्थ्यांचा पासपोर्ट, परीक्षा-फी आणि प्रवासखर्च सहज भागेल. ही रक्कम देणगी म्हणून न देता बिनव्याजी उसनी द्यावी. विद्यार्थी कमावता झाला की त्याने ती परत करावी, म्हणजे पुढच्याला मिळेल. हिशेब विहारात फलकावर लावावा.

दुसरे, तालुक्यातील निवृत्त शिक्षक आणि कर्मचारी यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून अर्ज वाचून द्यावेत, कागद तपासावेत, जुने पुरावे शोधायला मदत करावी. इंग्रजी बोलण्याचा सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी चालवावा. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

तिसरे, मुलींच्या बाबतीत. राष्ट्रीय योजनेत ३० टक्के जागा त्यांच्या आहेत. 'एवढ्या दूर मुलगी कशी पाठवायची' या एका वाक्याने त्या जागेवरचा आपल्या लेकीचा हक्क आपण आपल्याच हाताने सोडतो. बाबासाहेब परदेशी होते तेव्हा माता रमाईने घर सांभाळून किती सोसले, हे आपण दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. त्या माउलीच्या लेकींना आता स्वतः शिकायला जाऊ द्यावे.

चौथे आणि शेवटचे विद्यार्थ्यांसाठी. बाबासाहेबांनी शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात दहा वर्षांची सेवा मान्य करून सही केली होती. बडोद्याने त्यांना राहायला जागा दिली नाही म्हणून तो करार तेथे पुरा झाला नाही, पण त्या शिक्षणाची फेड त्यांनी साऱ्या देशाला आयुष्यभर केली. आपल्यापैकी जो जाईल त्याने परत येऊन बाभुळगावातच राहावे, असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्याने मागे राहिलेल्या एका तरी मुलाचा अर्ज भरून द्यावा, एकाची तरी परीक्षा-फी भरावी.

ज्या पालकांच्या घरी पदवीच्या वर्गात मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी ही स्मरणिका वाचून कपाटात ठेवू नये. उद्याच पेटी उघडून आजोबांचा शाळेचा दाखला आहे का, ते पाहावे. कामाला तेथूनच सुरुवात होते.

जय भीम. नमो बुद्धाय.